विद्यापीठ कोणाचे? मराठवाड्यातील नामांतराचा प्रश्न आणि भोपाळचा धडा

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातील बोर्ड ऑफिस चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कार्यालयावरून चौकाला हे नाव पडले. दोन्ही झोनमधील गल्ल्यांत शिकवणी वर्गांचे फलक एकमेकांना खेटून लागलेले असतात, आणि बैतूल, सागर, नर्मदापुरमकडून आलेली मुले वह्या-पुस्तके घेऊन या पुतळ्यासमोरून दिवसातून चार वेळा जा-ये करतात. याच वसाहतीत माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता विद्यापीठ अनेक वर्षे विकास भवनाच्या मजल्यांवर नांदले आणि पुढे बिशनखेडीच्या स्वतंत्र परिसरात गेले. माखनलालजींचे ‘कर्मवीर’ ज्यांच्या प्रेरणेने निघाले, ते माधवराव सप्रे मराठी घरातले होते, हे भोपाळच्या मराठी वाचकाला सांगावयास नको. २०२५ च्या जानेवारीत या वस्तीवरून जाणारा नवा उड्डाणपूल खुला झाला, त्यालाही बाबासाहेबांचेच नाव देण्यात आले.

रस्ता, पूल, चौक यांना नावे दिली जातात आणि लोक ती चार दिवसांत स्वीकारतात, किंवा जुन्याच नावाने त्यांना ओळखत राहतात. विद्यापीठाचे तसे होत नाही. विद्यापीठाचे नाव पदवीच्या कागदावर उमटते आणि तो कागद माणसाबरोबर जन्मभर राहतो. म्हणून एखाद्या समाजात विद्यापीठाच्या नावावरून वाद पेटतो तेव्हा तो केवळ अक्षरांचा वाद नसतो. ही संस्था कोणाची, तिच्या दारात कोण हक्काने उभे राहील आणि कोण उपकृत म्हणून, हा प्रश्न त्याच्या मुळाशी असतो.

मध्य प्रदेशाला अशा नामकरणांची सवय आहे. १९८३ मध्ये सागर विद्यापीठाला त्याचे संस्थापक डॉ. हरिसिंह गौर यांचे नाव मिळाले, त्याच वर्षी जबलपूर विद्यापीठ राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९८८ मध्ये इंदूर विद्यापीठाचे देवी अहिल्या विश्वविद्यालय झाले आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या भोपाळ विद्यापीठाला मौलाना बरकतुल्ला यांचे नाव देण्यात आले. गोंड राणी, मराठी राणी आणि भोपाळचा मुसलमान क्रांतिकारक अशी ही नावे पाच वर्षांच्या आत एका राज्याने आपल्या विद्यापीठांच्या दारावर लिहिली, आणि त्यापायी गावे जळाली नाहीत. त्याच दशकात शेजारच्या महाराष्ट्रात मात्र, महूला जन्मलेल्या एका महापुरुषाचे नाव एका विद्यापीठाला द्यावे, या विधिमंडळाने एकमुखाने केलेल्या ठरावाची अंमलबजावणी होऊ शकत नव्हती. तिला सोळा वर्षे लागली. हा फरक का पडला, याचे उत्तर मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांच्या इतिहासात शोधावे लागते, आणि तो इतिहास १९७८ मध्ये नव्हे, त्याच्या साठ वर्षे आधी सुरू होतो.

१९१८ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले. भारतीय भाषेतून सर्व उच्चशिक्षण देण्याचा तो देशातील पहिला मोठा प्रयोग होता, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. वैद्यक, कायदा, विज्ञान यांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्यासाठी तेथे स्वतंत्र अनुवाद विभाग चालविला गेला. औरंगाबादेतील महाविद्यालयाचे प्राचार्यपद मौलवी अब्दुल हक यांच्यासारख्या उर्दूच्या थोर अभ्यासकाने भूषविले. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. इंग्रजीच्या जागी आलेली ‘देशी’ भाषा मराठवाड्यातील मुलाला तितकीच परकी होती. परभणीच्या किंवा बीडच्या मुलाला आधी राज्यकर्त्यांची भाषा शिकावी लागे आणि मग तिच्यातून भूमिती. संस्थेची थोरवी आणि तिच्यातला परकेपणा ही दोन्ही एकाच वेळी खरी होती.

१९३८ च्या अखेरीस हा परकेपणा उघड झाला. वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत त्याला बंदी झाली, मुलांनी ती मानली नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने, या बहिष्कृत मुलांसाठी आपली दारे उघडली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या पिढीतलेच. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. सागर विद्यापीठ १९४६ मध्ये निघेपर्यंत जबलपूर-सागरकडची महाविद्यालयेही त्याच्याच छत्राखाली होती. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून फायलींच्या गठ्ठ्यांसोबत जे मराठी कारकून आणि अधिकारी येथे आले, त्यांतील अनेकांच्या ट्रंकांत या विद्यापीठाच्या पदव्या होत्या.

या १९३८ च्या प्रसंगाने मराठवाड्यातील सुशिक्षित तरुणाला एक ओळख दिली. आपल्या भाषेला, आपल्या प्रार्थनेला जेथे जागा नाही ते विद्यापीठ आपले नव्हे. आपल्याला आपले विद्यापीठ हवे. स्टेट काँग्रेसचा लढा, स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती या साऱ्यांतून ही ओळख पक्की होत गेली. मात्र एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. ही ओळख ज्या घरांपर्यंत शाळा पोचली होती त्या घरांत घडली. गावकुसाबाहेरच्या वस्तीत शाळा पोचलीच नव्हती, आणि तेथील नेतृत्वाचा एक प्रवाह, बी. एस. व्यंकटराव आणि बी. श्यामसुंदर यांच्यासारखे लोक, निजामाच्या राजवटीशी जुळवून घेऊन आपल्या समाजासाठी सवलती मिळवू पाहत होता. एकाच संस्थानातल्या दोन वस्त्यांना स्वातंत्र्याचा अर्थ एकसारखा दिसत नव्हता.

मुक्तीनंतर दोन वर्षांतच, १९५० मध्ये, मराठवाड्यात दोन महाविद्यालये निघाली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले, औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. दोन्हींच्या नावांत ‘पीपल्स’ हा शब्द आहे, आणि दोन्हींना अभिप्रेत असलेले ‘लोक’ मात्र पूर्णपणे एक नव्हते, हे योगायोगाने का होईना, बरेच काही सांगून जाते.

औरंगाबादच्या महाविद्यालयाची कोनशिला १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. पुढे बाबासाहेबांनी त्याला ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि परिसराला ‘नागसेनवन’. यवन राजा मिलिंद प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो, हा बौद्ध ग्रंथातील प्रसंग त्यामागे आहे. एखाद्या महाविद्यालयाला दात्याचे, राजाचे किंवा देवाचे नाव देण्याचा प्रघात असताना प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे, यात बाबासाहेबांचा शिक्षणविषयक विचारच प्रकट झाला. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे त्यांचे जुने सहकारी. पुढच्या काळात प्राचार्य म. ना. वानखेडे यांच्या प्रोत्साहनाने तेथील मुले लिहू लागली, आणि गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मिता’ व नंतर ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दलित साहित्याचे हक्काचे व्यासपीठ ठरले. ज्या शब्दावरून पुढे मराठवाड्यात एवढे रण माजले तो ‘अस्मिता’ हा शब्द नागसेनवनातून आधीच छापून बाहेर पडला होता.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. उस्मानियाची चाळीस वर्षांची छाया सरली आणि विद्यापीठाच्या नावातच प्रदेशाचे नाव आले. १९३८ च्या पिढीला हे नाव म्हणजे आपल्या लढ्याचे फळ वाटले, आणि ते वाटणे अगदी स्वाभाविक होते.

येथून पुढच्या वीस वर्षांत या विद्यापीठाच्या वर्गांत दोन तऱ्हेची मुले शेजारी-शेजारी बसू लागली. एक शेतकरी कुटुंबातली, घरातली पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी; दुसरी नागसेनवनाच्या वसतिगृहात राहून शिष्यवृत्तीवर शिकणारी, तीही घरातली पहिलीच. दोघांचेही आई-बाप निरक्षर, दोघांचेही डोळे सरकारी नोकरीकडे. मराठवाड्यात कारखाने नव्हते, रेल्वे अपुरी होती, पाणी नव्हते. १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. १९७४ मध्ये मराठवाड्याच्या विकासासाठी विद्यार्थ्यांनी जे मोठे आंदोलन केले, त्यात या दोन्ही तऱ्हेच्या मुलांना एकत्र येण्याची संधी होती. पण नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार, अशा ठिकाणी राखीव जागेवर लागलेला शेजारी हाच स्पर्धक दिसू लागतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची हलकी कामे नाकारणारा, मुलाला पाटी-पुस्तक देऊन औरंगाबादला धाडणारा, गायरानाचा तुकडा कसू पाहणारा दलित गावातल्या जुन्या व्यवस्थेला आधीच खुपत होता.

अशा वेळी, १९७७ मध्ये, दलित पँथरचे गंगाधर गाडे आणि इतर कार्यकर्त्यांनी विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याची मागणी पुढे आणली. मराठवाड्यात उच्चशिक्षणाचा पाया ज्यांनी घातला त्यांचे नाव विद्यापीठाला असावे, एवढाच तिचा आशय होता. आरंभी तिला सवर्ण विद्यार्थी संघटनांतूनही काही पाठिंबा होता, ही गोष्ट नंतरच्या धुराळ्यात विसरली गेली. शरद पवार मुख्यमंत्री होऊन दहाच दिवस झाले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला.

त्याच रात्रीपासून मराठवाडा पेटला. आरंभी शहरांत विद्यार्थ्यांचे मोर्चे, बंद, बसगाड्यांवर दगड असे नेहमीचे स्वरूप होते. पाहता पाहता लोण खेड्यांत गेले आणि तेथे त्याने विद्यार्थी आंदोलनाचे सोंगही टाकून दिले. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळण्यात आली, विहिरी नासवल्या गेल्या, हजारो माणसे रानात आणि शहरांत आसऱ्याला गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांची घरे जळाली त्यांतील बहुतेकांनी विद्यापीठाचे दार पाहिलेले नव्हते. ज्यांनी जाळली त्यांनीही पाहिलेले नसावे. विद्यापीठाच्या नावाचा वाद हे निमित्त घेऊन गावाने आपला जुना हिशेब चुकता केला, असेच म्हणावे लागते.

नामांतराला विरोध करणाऱ्या सर्वांना या जाळपोळीच्या एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. गोविंदभाई श्रॉफ आणि दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील तपस्वी पुरुष. त्यांचे म्हणणे असे होते की, ‘मराठवाडा’ हे एखाद्या जातीचे नव्हे तर सोसलेल्या प्रदेशाचे नाव आहे. ते पुसून दुसरे कोणाचेही, कितीही थोर माणसाचे नाव घालणे म्हणजे त्या लढ्याची खूण पुसणे होय. बाबासाहेबांचे नाव दुसऱ्या एखाद्या संस्थेस द्यावे, असाही पर्याय विरोधकांकडून सुचविला जाई. या युक्तिवादात खोटे काही नव्हते; अपुरे मात्र फार होते. ‘आमच्या प्रदेशाची ओळख’ असे म्हणताना त्या ‘आम्ही’त गावकुसाबाहेरचा माणूस धरला आहे काय, हे कोणी विचारले नाही. १९३८ मध्ये उस्मानियाच्या दारात जो विद्यार्थी ‘या संस्थेत आमची खूण कोठे आहे’ असे विचारीत होता, त्याचाच वारसदार १९७८ मध्ये औरंगाबादच्या दारात उभा होता. फक्त तो नागसेनवनातून आला होता आणि या वेळी दार धरून बसलेले लोक १९३८ चे होते. मुक्तिसंग्रामाच्या थोर पिढीला आपलाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ओळखू आला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी शोकांतिका मानली पाहिजे.

दुसऱ्या बाजूलाही सवर्ण समाजातले लोक उभे होते. समाजवादी चळवळीतील एस. एम. जोशी, बाबा आढाव, युवक क्रांती दलाचे तरुण यांनी नामांतराची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांचा रोष पत्करला. सरकारने मात्र ठराव केला, तो बासनात बांधला, आणि शांतता हवी म्हणून अंमल पुढे ढकलीत राहिले. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. विदर्भातून पायी चालत आलेल्या हजारो माणसांना खडकपूर्णा नदीपाशी अडवून लाठ्या चालविण्यात आल्या आणि अटक करण्यात आली. औरंगाबाद त्यांना गाठता आले नाही. पुढे दर वर्षी सत्याग्रह, तुरुंग, निवेदने.

याच काळातली आणखी एक घटना ग्रंथप्रेमी वाचकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. १४ एप्रिल १९७९ रोजी, म्हणजे दंगलीला वर्षही झाले नव्हते तेव्हा, महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. जे सरकार विद्यापीठाच्या फलकावर नाव लिहिण्यास धजावत नव्हते, तेच सरकार त्यांचे समग्र विचार छापून अल्प किमतीत घरोघर पोचवीत होते. नामांतरासाठी उपोषणाला बसलेल्या मुलांच्या पिशव्यांतून हे खंड फिरले. विद्यार्थ्याची ओळख मोर्चातून घडते तशी ग्रंथातूनही घडते, आणि कित्येकदा अधिक टिकाऊ घडते.

सोळा वर्षांच्या या प्रतीक्षेचा शेवटही रक्ताविना झाला नाही. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे या तरुणाने नामांतरासाठी आत्मदहन केले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या नावाची घोषणा झाली. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते. याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हटले गेले. ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला आणि त्याच्या आधी बाबासाहेब आले. १९७८ मध्येच हा मार्ग काढता आला असता, असे आज कोणालाही वाटेल. परंतु तडजोडीचा शब्द सापडण्यासाठी समाजाला आधी थकावे लागते.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनाच्याच मुहूर्तावर नांदेडला दुसरे विद्यापीठ सुरू झाले आणि त्याचे नाव स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असे ठेवण्यात आले. नांदेड, लातूर, परभणी तिकडे गेले. औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद इकडे राहिले. १९५० च्या त्या दोन महाविद्यालयांच्या मागे उभी असलेली दोन नावे अशी चव्वेचाळीस वर्षांनी दोन विद्यापीठांच्या दारावर आली, आणि दोन्हींच्या पुढे ‘मराठवाडा’ कायम राहिले. अंतर आणि वाढती विद्यार्थिसंख्या ही विभाजनाची व्यावहारिक कारणे होतीच. तरीही एका घरात दोन नावे मावली नाहीत म्हणून दुसरे घर बांधले गेले, ही भावना पुष्कळांच्या मनात राहिली.

असे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. बेल्जियममधील लूवेनचे पुरातन विद्यापीठ १९६८ मध्ये फ्लेमिश आणि फ्रेंच भाषिक विद्यार्थ्यांच्या वादात दुभंगले. त्या वादात देशाचे मंत्रिमंडळ कोसळले. फ्रेंच विभागासाठी नवे गावच वसवावे लागले. ग्रंथालयाची वाटणी करताना सम क्रमांकाची पुस्तके एकीकडे आणि विषम क्रमांकाची दुसरीकडे गेली, असे सांगतात. ग्रंथपालाच्या मनाला चरे पाडणारी ही गोष्ट आहे. मराठवाड्यात निदान ग्रंथांच्या वाटणीची ही पाळी आली नाही.

आता भोपाळकडे पुन्हा वळून पाहता येईल. मौलाना बरकतुल्ला भोपाळचे. १ डिसेंबर १९१५ रोजी काबूल येथे राजा महेंद्रप्रताप यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानचे जे हंगामी सरकार स्थापन झाले, त्याचे ते पंतप्रधान. टोकियोत त्यांनी हिंदुस्थानी भाषा शिकविली, आणि १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला, मायभूमीपासून दूर, त्यांचा अंत झाला. १९८८ मध्ये त्यांचे नाव विद्यापीठास देण्यात आले तेव्हा ‘भोपाळ’ हे नाव गेले, विस्तारले नाही. तरी रण माजले नाही. भोपाळ विद्यापीठ अवघे अठरा वर्षांचे होते. त्या नावामागे कोणत्याही लढ्याची आठवण गुंतलेली नव्हती. नामकरण वरून, शासनाच्या निर्णयाने झाले. एका वस्तीने दुसऱ्या वस्तीकडे हक्क म्हणून मागितलेले ते नव्हते. नव्या नावाने कोणाच्या नोकरीचा, गायरानाचा किंवा गावातील मानपानाचा प्रश्न उभा केला नाही. म्हणून भोपाळची शांतता ही केवळ येथील लोकांच्या समजूतदारपणाची साक्ष म्हणून मिरविणे बरोबर नव्हे. जे नाव मागावे लागले नाही ते नाकारण्याची वेळही आली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मराठवाड्यात नावासाठी मोजलेली किंमत नावापुरती राहिली नाही. औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. विद्यापीठाच्या नावातील दोन्ही शब्द मात्र जागचे हलले नाहीत. दर वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीपाशी खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे येतात. त्यांत नातवंडांना खांद्यावर घेतलेल्या, पायांत साध्या चपला असलेल्या म्हाताऱ्या असतात. कमानीला हात लावून त्या कपाळाला लावतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकाने मांडलेली असतात, आणि संध्याकाळी परतणाऱ्या माणसांच्या पिशव्यांत तिळगुळाच्या पुडीशेजारी एखादे पुस्तक हमखास दिसते.